पट्टी क्रमांक स्ट्रिंगमध्ये बदलताना आयटोए चालत नाही

प्रश्न (पंचवटी, नाशिक)
नमस्कार. आमच्या कांद्याच्या अडतीसाठी मी सी भाषेत हिशोबपट्ट्यांचा छोटा प्रोग्रॅम लिहीत आहे. प्रत्येक पट्टीची वेगळी फाइल व्हावी म्हणून इंट (पूर्णांक) प्रकारातला क्रमांक स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या मालिकेत, बदलून फाइलच्या नावाला जोडायचा आहे. कॉलेजात टर्बो सीवर आयटोए (itoa) हे रूपांतराचे फंक्शन वापरून हे काम झाले, पण घरी लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने तोच प्रोग्रॅम लिंक होत नाही. माझे काय चुकते आहे?

उत्तर (सातपूर)
आयटोए हे फंक्शन सी भाषेच्या प्रमाणात, म्हणजे अधिकृत मानकात, कधीच नव्हते. काही कंपायलरांनी ते आपल्या पदरचे दिले होते आणि लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीने दिले नाही, एवढेच. आपण एसएनप्रिंटएफ (snprintf) वापरावे, जे १९९९ च्या प्रमाणापासून भाषेचाच भाग आहे. त्याला स्ट्रिंग ठेवायचा ॲरे, ॲरेचा आकार, टक्का-डी (%d) असलेला साचा आणि क्रमांक याच क्रमाने द्यावेत. ‘पट्टी’ हा शब्दही साच्यातच लिहिला, तर फाइलचे अख्खे नाव एका ओळीत तयार होते. नुसत्या ३२ बिटांच्या इंटला बारा बाइट पुरतात, कारण सर्वांत लांब मजकूर, म्हणजे -२१४७४८३६४८, उणे चिन्हासह अकरा अक्षरांचा असतो आणि बारावा बाइट स्ट्रिंगचा शेवट दाखवणाऱ्या नलला लागतो. एसएनप्रिंटएफकडून परत आलेला आकडा ॲरेच्या आकाराएवढा किंवा जास्त असेल, तर नाव कापले गेले असे समजावे.

जाता जाता: टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा असतो, त्यामुळे तिथे ३२७६७ च्या पुढचा पट्टी क्रमांक इंटमध्ये मावणारच नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, फाइल तयार झाली. मात्र हेच काम वेगळ्या फंक्शनात नेऊन तिथला ॲरे परत केला, तर नावाच्या जागी भलतीच अक्षरे येतात.

उत्तर (देवळाली कॅम्प)
फंक्शन संपताच त्यातल्या स्थानिक ॲरेचे आयुष्य संपते, आणि आपण त्याचाच पत्ता परत करत आहात. ॲरे बोलावणाऱ्या फंक्शनात ठेवून त्याचा पॉइंटर (पत्ता) व आकार आत पाठवावा.

परीक्षेत हेच रूपांतर हाताने लिहायला सांगतात, म्हणून एक खाचखळगा सांगून ठेवतो. दहाने भागून उरलेल्या बाकीत शून्य या अक्षराचा कोड मिळवला की अंक मिळतो, पण अंक उलट्या क्रमाने येतात; ते ॲरेच्या शेवटाकडून भरत यावेत. ऋण संख्येचे चिन्ह आधी बदलून घेण्याची सवय मात्र घातक आहे, कारण +२१४७४८३६४८ ही संख्या ३२ बिटांच्या इंटमध्ये बसत नाही. संख्या ऋणच ठेवावी आणि भागून उरलेल्या प्रत्येक बाकीचे चिन्ह बदलावे.