प्रोपेलर शाफ्टचा नवा क्रॉस बसवतोय, चौथ्या वाटीचं सर्कलिप काही बसेना

जुनंचबरं

नमस्कार मंडळी, जरा अडकलोय.

वडिलांची जुनी गाडी आहे, इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना, म्हणजे मध्ये लांबलचक प्रोपेलर शाफ्ट आलाच. बरेच दिवस रिव्हर्समधून पहिल्यात टाकून क्लच सोडला की खालून 'टण्ण' व्हायचं आणि अगदी हळू चालवताना चिमणी मागे लागल्यासारखं चिक् चिक् चिक्, स्पीड वाढला की तेही भरभर. एका मेकॅनिकने गाडीखाली न वाकताच डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला गिअरचा डबा) गेलं म्हणून सांगितलं, माझ्या पोटात गोळा. मग स्वतःच गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवून खाली शिरलो, एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्या हाताने फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची तबकडी) धरून उलटसुलट पिळलं तर मागचा क्रॉस (जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) डोळ्यांना दिसेल एवढा हलतोय आणि त्याच्या हातावरच्या बेअरिंगच्या वाटीच्या कडेला विटेच्या भुकटीसारखी पूड.

दोन्ही क्रॉस नवे आणले. पुढचा गुपचूप बसला. मागच्याने मात्र घाम काढला, जुन्या वाट्या गंजून योकशी (क्रॉसला धरणाऱ्या दोन कानांच्या काट्याशी) एकजीव झालेल्या, शेवटी गॅसने गरम करून हातोडीने काढल्या. नव्याच्या तीन वाट्या बसल्या, सर्कलिपही (खाचेत बसून वाटी अडकवणाऱ्या क्लिप) लागले. चौथी आत जाते आणि खाचेच्या अलीकडे साधारण २ मिमीवर थांबते. व्हाइसमध्ये अजून आवळलं तर किंचित सरकली पण जॉइंट असा जाम झाला की हाताने हलेना.

क्रॉस चुकीच्या साइझचा आला का? अजून दाबू का? की सर्कलिप घासून थोडं पातळ करून लावू?

ग्रीसवालाबाबा

थांब थांब थांब. व्हाइस सोड आधी.

अंदाजे २ मिमीवर अडलंय ना? आता सांग, त्या वाटीतली सुई, म्हणजे बेअरिंगचा बारीक रोलर, केवढी जाड असते? साधारण तेवढीच. एक सुई आडवी पडून वाटीच्या तळाशी झोपलीय, नव्वद टक्के हेच. वाटीत कडेकडेने सुया उभ्या असतात, त्यांना जागेवर धरून ठेवतं ते फक्त ग्रीस. क्रॉस तिरका शिरला किंवा वाटीला हातोडीचा ठोका बसला की एखादी पडते, बाहेरून काही दिसत नाही, आणि आपण बसतो व्हाइस आवळत. जास्त जोर लावलास तर सुई मोडेल नाहीतर वाटीचा तळ फुटेल आणि मग नवा क्रॉस भंगारात.

वाटी परत बाहेर काढ. सगळ्या सुया मोज, चारही वाट्यांत सारख्याच निघायला हव्यात. ग्रीस इतपत लाव की वाटी उलटी केली तरी सुई पडू नये, पण तळाशी गोळा साठवू नकोस, तो दबला की तोही वाटीला आत जाऊ देत नाही. मग खरी युक्ती अशी की क्रॉस आतून चौथ्या वाटीकडे सरकवून ठेवायचा, म्हणजे त्याचा हात वाटीच्या तोंडात शिरलेला राहतो आणि सुयांना पडायला जागाच उरत नाही. असं धरूनच दाबत जायचं आणि दर अर्ध्या वळशाला क्रॉस हलवून बघायचा. अडला की थांबायचं. वाटी थोडी आत गेली की तिच्या पाठीवर लहान गोटी (पान्याचा सॉकेट) ठेवून दाब, आणि समोरच्या बाजूला वाटी आत जाईल एवढी मोठी गोटी.

सर्कलिप घासायचं डोक्यातून काढून टाक. पातळ क्लिप खाचेत सैल राहते, क्रॉस एका बाजूला सरकत राहतो, आणि एखाद्या दिवशी क्लिप उडाली की वाटी बाहेर. शाफ्टचं पुढचं टोक चालत्या गाडीत खाली पडलं तर ते रस्त्यात रुतू शकतं, मग गाडीचं काय होईल ते तूच बघ. काही क्रॉसबरोबर वेगवेगळ्या जाडीचे सर्कलिप मिळतात ते क्रॉस मधोमध बसवायला असतात, ती गोष्ट वेगळी.

साइझचं म्हणशील तर जुनी वाटी फेकली नसशील तर व्हर्नियरने व्यास घे आणि क्रॉसची दोन टोकांमधली लांबी ताडून बघ. पण तीन क्लिप लागलेत म्हणजे साइझ बहुधा बरोबर आहे.

हातोडीबंद

मी तर म्हणतो शाफ्ट सरळ प्रेसवाल्याकडे न्यायचा. घरच्या व्हाइसमध्ये योकचे कान वाकतात आणि मग आयुष्यभर व्हायब्रेशन. माझ्या ओळखीच्याने असंच केलं होतं, नंतर अख्खा शाफ्ट बदलला.

ग्रीसवालाबाबा

कान वाकतात ते वाटी तिरकी जात असतानाही दाबत राहिल्यामुळे, व्हाइसमुळे नाही. प्रेसवर तर उलट हाताला अंदाजच लागत नाही, लिव्हर खाली गेला की गेला. मात्र गंजलेल्या वाट्या काढताना प्रेस बरा, तेवढं मान्य. आणि काही गाड्यांत सर्कलिपच नसतात, वाटीभोवतीचा धातू पंचने ठोकून ती अडकवलेली असते, तसला असेल तर घरी हात लावू नये.

पुणेरीनसलेलाइंजिनियर

वाट्यांचं बाबांनी सांगितलंच आहे, पण मला दुसरीच शंका येतेय. शाफ्ट काढताना खुणा केल्या होत्या का? आणि मधल्या स्प्लाइनमधून (दात्यांच्या सरकत्या जोडातून) त्याचे दोन तुकडे केले होते का?

का विचारतोय ते सांगतो. एकटा क्रॉस जॉइंट कोनात फिरला की पुढचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत असतानाही मागचा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. १० अंशाच्या कोनात हा फरक दोन्ही बाजूंना साधारण दीड टक्का, ३० अंशाला जवळपास १५ टक्के. म्हणून शाफ्टच्या दोन टोकांना दोन जॉइंट, आणि शाफ्टवरचे दोन्ही योक एकाच रेषेत. दोन्ही टोकांचे कोनही सारखे असले की एकाने केलेला घोळ दुसरा निस्तरतो. स्प्लाइन एक दात इकडेतिकडे बसली तरी घोळ पूर्ण निस्तरत नाही आणि सीटखाली गुंगुं सुरू होतं. लोक मग बॅलन्सिंग करत फिरतात, मूळ दुखणं भलतंच.

स्प्लाइन थेट गिअरबॉक्समध्ये जात असेल तर चिंता नाही, शाफ्टवरचे योक वेल्ड केलेले असतात, ते फिरणारच नाहीत. पण तो योक बाहेर ओढला की तिथून गिअर ऑइल गळतं, प्लास्टिकची पिशवी रबर बँडने बांधून ठेवायची.

आणि एक, शाफ्ट खाली असताना गाडी गिअरमध्ये ठेवून उपयोग नाही, इंजिनचा आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो. चाकांना ठोकळे लावलेत ना?

जुनंचबरं

ठोकळे आहेत. खुणा नाहीत केल्या 😬 आणि हो, मधून दोन तुकडेही केले, कारण एवढा लांब शाफ्ट टेबलावर मावेना.

चौथी वाटी काढली. बाबा, तुमच्या तोंडात साखर. एक सुई बरोबर तळाशी आडवी, मधोमध थोडी चेपलेली. सुदैवाने वाटीचा तळ शाबूत आहे, फक्त एक रेघ पडलीय. जुन्या क्रॉसच्या हाताला खोबणी पडलेल्या, त्या बघून तर वाटलं एवढे दिवस हे चाललं कसं. आता ती चेपलेली सुई सरळ करून परत टाकू का, की एक कमी सुईने चालेल?

ग्रीसवालाबाबा

दोन्ही नाही. चेपलेली सुई फिरत नाही, घासते. कमी सुया म्हणजे बाकीच्या तिरक्या होतात. नवा क्रॉसच घे, रेघ पडलेली वाटी मीही लावणार नाही.

यावेळी बसवण्याआधी खाचा टोचणीने खरवडून साफ कर, तळाशी गंज राहिला तरी क्लिप पूर्ण बसत नाही. बसली की 'टिक्' ऐकू येतं आणि क्लिप खाचेत फिरवता येते. चारही लागल्यावर जॉइंट थोडा घट्ट वाटेल, घाबरू नकोस, योकच्या कानांवर पितळी हातोडीने बाहेरच्या बाजूने एकेक टिचकी मार, वाट्या क्लिपला टेकून बसतात आणि जॉइंट मोकळा होतो. शाफ्टच्या नळीवर मात्र ठोकू नकोस आणि ती व्हाइसमध्येही धरू नकोस, एक खड्डा पडला की संपलं. नळीवर चिकटवलेले पत्र्याचे तुकडे दिसतील ते बॅलन्सचे आहेत, माती समजून खरवडू नकोस, आमच्याकडे एकाने ते केलं होतं.

निपलवाला (ग्रीस भरायच्या टोकाचा) क्रॉस असेल तर निपल शाफ्टच्या बाजूला तोंड करून ठेव, नाहीतर गाडीखाली गेल्यावर ग्रीस गन शिरणारच नाही. चारही सीलमधून जरासं ग्रीस डोकावेपर्यंत भरायचं.

जुनंचबरं

झालं एकदाचं. नव्या क्रॉसच्या चारही क्लिप टिक् टिक् बसल्या, टिचक्या मारल्यावर जॉइंट हाताने सगळीकडे सारखा वळतो. दोन्ही योक सपाट जमिनीवर ठेवून डोळ्याने एका रेषेत आणले, मग स्प्लाइनवर पांढऱ्या रंगाची जाडजूड खूण. फ्लँजचे नट नवे टाकले.

टण्ण गेलं, चिमणी पण गेली. पण ७० च्या पुढे पायाखाली हलकी थरथर आहे, आधी नव्हती.

पुणेरीनसलेलाइंजिनियर

फ्लँज १८० अंश उलटी लागली असेल. त्याने योकची रेषा बिघडत नाही पण बॅलन्स बिघडू शकतो. चार बोल्ट काढ, शाफ्ट अर्धा फेरा फिरव, परत आवळ.

जुनंचबरं

फिरवला. थरथर नाही. आता वडील म्हणतायत, गाडीत आवाज नसला की झोप लागते.