‘प्रकाश’ की ‘उजेड’? आणि ‘जवळीक’चं काय?

फ्रेंच चित्रकार पिएर बोनारच्या न्हाणीघरातल्या चित्रांवर टिपण लिहितेय. १९३६ च्या चित्रात त्याची बायको मार्थ टबात आडवी आहे. ‘अंगावर प्रकाश पडला आहे’ असं लिहिलं आणि अडले. भिंत, टब, पाणी, अंग सगळंच पिवळं-निळं उजळलंय. पडलाय कुठून? आणि ‘इंटिमसी’ला ‘जवळीक’ चालेल?

प्रतिसाद :
‘पडला’ काढा. प्रकाशाला दिशा लागते. तिरीप तिरकीच येते, कवडशाला कडा असतात. आजोळच्या न्हाणीघरात काचेच्या एका कौलातून कवडसा यायचा. घंगाळातलं पाणी हललं की तो भिंतीवर नाचायचा, पण बाकी अंधारच. बोनारकडे अंधाराला कोपराच नाही. तिथे उजेड भरून राहिलाय. ‘न्हाणीघरभर उजेड आहे’ म्हणा. (फक्त ‘उजेड पाडला’ नको, लोक हसतील!)

प्रतिसाद :
‘न्हाणारी’ही नको. आपलं न्हाणं म्हणजे तांब्या, शिकेकाई, डोक्यावरून पाणी. ही नुसती पाण्यात पडून आहे. ‘डुंबणारी’ म्हटलं तर म्हैस आठवते.

प्रतिसाद :
‘जवळीक’ नव्या ओळखीत होते, ‘सलगी’त आगाऊपणा आहे. ही दोघं १८९३ मध्ये भेटली, लग्न केलं १९२५ मध्ये. १९३६ साली मार्थ साठीच्या पुढे होती, तरी चित्रातलं अंग तरुणच. टबाशेजारी बसवून काढलेलं नाही ते. बोनार पेन्सिलीने टिपणं करायचा आणि आठवणीतून रंगवायचा. मला ‘सहवास’ बरा वाटतो. त्यात वर्षं मोजलेली असतात, आणि शरीरही वगळलेलं नसतं.

मूळ प्रश्नकर्ती :
‘सहवास’ घेतला! पण पिट्सबर्गच्या संग्रहालयातलं चित्र १९४० ते ४६ चं आहे, आणि मार्थ १९४२ च्या जानेवारीत गेली. पुढची चार वर्षं कसला सहवास?

प्रतिसाद :
त्याचाच. ती गेल्यावरही तो तिला त्याच टबात रंगवत राहिला. ‘स्मृती’ लिहाल तर धूप-उदबत्तीचा वास येईल. आणि त्या चित्रात खाली कुत्रं आहे ना, ते ‘पायपुसण्यावर’ बसलंय असं लिहा. ‘गालिच्यावर’ लिहिलंत तर न्हाणीघराचा दिवाणखाना होईल.