सॅक्सोफोन शिकायचा तर समोर गुरू हवाच. तुम्हाला काय वाटतं?

सूरवेडी (दादर)

सॅक्सोफोनवादक कद्री गोपालनाथ 2019 मध्ये गेले, पण त्यांचं वादन लागलं की आजही मी हातातलं काम बाजूला ठेवते. पलटणींच्या बँडमध्ये वाजणारं परदेशी वाद्य, आणि त्यातून कर्नाटक संगीतातली गमकं (सुरांचे हेलकावे) अशी निघतात की वाटतं, कुणी गातंय. घरात सनईसारखं नादस्वरम, वडील वादक. मुलाने म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि तो त्याच्याच मागे लागला.

माझं मत ठाम आहे: हे वाद्य व्हिडिओ बघून येत नाही. बासरीचं छिद्र बोटाने हळूहळू उघडता येतं, म्हणून तिची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, बोटांतून निघते. सॅक्सोफोनवर बोटाखाली किल्ली असते, किल्लीला गादी, आणि ती गादी छिद्र झाकते किंवा सोडते. दोन सुरांमधला प्रवास बराचसा ओठ, जबडा, घसा आणि श्वासावर करायचा. हे सगळं तोंडाच्या आत घडतं. कॅमेऱ्याला ते दिसणार कसं?

आमचे सर शिकवताना बोटांकडे कमी आणि हनुवटीकडे जास्त बघतात. वर्गातला एक मुलगा वरच्या सप्तकात गेला की जबडा आवळायचा आणि सूर चढायचा. सरांनी त्याला वाद्य खाली ठेवायला लावलं, नुसतं माउथपीस तोंडात धरायला दिलं आणि म्हणाले, एकच सूर, हलवायचा नाही. रीड (माउथपीसला लावलेली पातळ पट्टी) किंचाळली. सरांनी स्वतःच्या खालच्या ओठावर बोट ठेवून दाब किती ते दाखवलं, पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा थांबवलं. अर्धा तास हेच. तास संपताना त्याचा सूर जागेवर होता.

गोरेगावकर

ताई, तुम्ही दिलेलं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. गोपालनाथांना सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत शिकवायला होतं कोण? मंगळूरला गोपालकृष्ण अय्यर, पुढे चेन्नईत टी. व्ही. गोपालकृष्णन (टीव्हीजी). टीव्हीजी गायक आणि मृदंगवादक. म्हणजे या वाद्यातून गमक कशी काढायची हे त्यांनी स्वतःच शोधलं, आणि त्यात वीसेक वर्षं गेली.

दुसरं उदाहरण अमेरिकन जाझ सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सचं. नाव झालेलं, कार्यक्रम मिळत होते. तरी 1959 मध्ये सगळं थांबवलं आणि 1961 पर्यंत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज केला, कारण घरी शेजाऱ्यांना त्रास व्हायचा. पुलावर कोण गुरू होता?

माझी नोकरी शिफ्टची आहे, राहतो दोन खोल्यांत. सर परवडले तरी त्यांची वेळ जमत नाही. व्हिडिओ निम्म्या वेगावर लावून मी जे शिकलो, ते कमी आहे असं कुणी म्हणू नये.

सूरवेडी (दादर)

तुमच्या कष्टांना कुठे नावं ठेवलीत मी? पण टीव्हीजींनी काय दिलं ते बघा. वाद्य नाही दिलं, राग दिला. समोर बसून गायले, आणि शिष्याच्या सॅक्सोफोनमधून तेच येतंय का ते ऐकलं. वीस वर्षं चाचपडताना आपण कुठे पोचायचंय हे कानात पक्कं असावं लागतं. ते त्या कानात कुणी घातलं?

वांद्रे पूर्व

या धाग्यावर गुरूची आरती चाललीय, म्हणून लिहितो. मी ज्यांच्याकडे शिकलो (नाव लिहिणार नाही) त्यांना प्रश्न विचारलेला चालत नसे. जाझचं रेकॉर्डिंग ऐकतो म्हटलं तर कान बिघडेल म्हणायचे. ही वरची पट्टी का लागत नाही, हे विचारलं की उत्तर एकच, रियाज वाढव. पुढे कळलं की रीड माझ्या तोंडाला फार कडक होती. दोन नंबरची लावली आणि सूर लागला. एका वाक्याचं काम होतं. आपल्याकडे पाया पडण्यावर जेवढा भर आहे, तेवढा कारण समजावण्यावर नाही. मी शिक्षक सोडला आणि वाद्य वाचलं.

सूरवेडी (दादर)

असे शिक्षक आहेत, आणि तुम्ही सोडलंत ते योग्यच केलंत. त्यावरून शिक्षकच नको, हे मात्र मला पटत नाही. रीड कडक आहे हे चांगल्या शिक्षकाला पहिल्या फुंकरीत कळलं असतं.

गिरगावचा बँडवाला

तुम्ही दोघंही खोलीत बसून शिकण्याबद्दल बोलताय. आमच्याकडे सॅक्सोफोन रस्त्यावर शिकतात. वरातीत ढोल-ताशाच्या वर चाल ऐकू जायला हवी, म्हणून क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन जोडीने वाजतात. नवा पोरगा जुन्याच्या शेजारी चालतो. जुना श्वास घेतो तिथे याने घ्यायचा नाही, नाहीतर चाल तुटते. चालता चालता, उकाड्यात, गर्दीत हे अंगात मुरतं. त्याला गुरूही म्हणत नाहीत आणि रियाजही नाही.

हिंदी सिनेमासाठी सॅक्सोफोन वाजवणाऱ्या मनोहारी सिंग यांचंही बघा. कलकत्त्यात बँडमधून वर आले, बाटा कंपनीच्या बँडमध्ये वाजवलं, 1958 मध्ये मुंबईला आले. ‘रूप तेरा मस्ताना’मधला (1969) सॅक्सोफोन त्यांचाच. एका टेकमध्ये तसं वाजवणं संगतीतून येतं. मुंबईत त्या काळी (लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या) प्यारेलालजींचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा कितीतरी वादकांना नोटेशन, म्हणजे लिहिलेली सुरावट, वाचायला शिकवत. म्हणजे वाचायला एका ठिकाणी, वाजवायला दुसऱ्या. एकच गुरू धरून बसायची चैन नव्हती.

जुना श्रोता (माहीम)

रॉलिन्सचं नाव निघालंय तर सांगतो, साठच्या दशकाच्या अखेरीस तो आपल्या पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता. एवढा एकटा रियाज करणाराही कुणाच्या तरी पायाशी जाऊन बसलाच. आणि गोपालनाथांना 1980 च्या मुंबईतल्या जाझ महोत्सवात अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडीने ऐकलं आणि आपल्याबरोबर मंचावर घेतलं. त्यांची घोडदौड तिथून सुरू झाली. ऐकणारा जाणकार लागतोच.

गोरेगावकर

काका, पवईत तो योग आणि वेदान्त शिकायला आला होता, सॅक्सोफोन नव्हे. आणि हँडीने हाक मारली ती तयार झालेल्या कलाकाराला. सुरांचं म्हणाल तर माझ्याकडे ट्यूनर आहे. सूर लागला की हिरवा दिवा लागतो. तो कुणाची भीड ठेवत नाही.

सूरवेडी (दादर)

हिरव्या दिव्यावर विसंबू नका, कळकळीने सांगते. ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग धरतो. तानपुऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार त्यापेक्षा साधारण 14 सेंट (त्या बारापैकी एका भागाचे शंभर सेंट) उतरा असतो. म्हणजे दिवा हिरवा असेल आणि भूप रागाचा गंधार तरीही चढाच असेल. तुमचा सॅक्सोफोन अल्टो प्रकारचा असेल तर त्यावरचा सी हा पाश्चात्त्य सूर प्रत्यक्षात पेटीच्या काळी दोनला वाजतो. तानपुरा काळी दोनवर लावा, फोनवरचाही चालेल, आणि ट्यूनर बंद करून गंधार धरा. सूर मिळाला की दोन सुरांमधलं घरघरणं थांबतं.

गोरेगावकर

अल्टोच आहे. शनिवारी सुट्टी आहे, आरेच्या बाजूला मोकळ्यावर जाऊन करतो. पण मत बदललेलं नाही. या कामाला तानपुरा आणि वेळ लागेल, सर नाही.

गिरगावचा बँडवाला

आरेत एकट्याने कशाला? रविवारी आमच्या सरावाला या, वाद्य घेऊन. गंधार चुकला तर शेजारचा क्लॅरिनेटवाला लगेच सांगेल.