लढायला नकार देणाऱ्या सैनिकाला काय म्हणावं?

प्रश्न :
१९८२ च्या लेबनॉन युद्धावर जायला नकार देणाऱ्या इस्रायली राखीव सैनिकांवर लेख लिहिते आहे. त्यांच्यासाठी नेमका शब्द कोणता? संपादकांनी 'शांततावादी' सुचवलाय. एका सहकाऱ्याने 'पळपुटे' म्हटलं, ते मात्र मला सहन झालं नाही.

उत्तर :
'पळपुटे' नकोच. या लोकांनी 'लेबनॉनला जाणार नाही' असं वरिष्ठांना उघड सांगितलं आणि लष्करी तुरुंगवास पत्करला. 'फितूर'ही नको, कारण शत्रूला कुणी जाऊन मिळालं नव्हतं.

'शांततावादी' दिसायला सोज्वळ, पण जास्त घोटाळा तोच करतो. यांतले अनेक जण आधी लढलेले होते आणि देशाच्या रक्षणासाठी पुन्हा लढायला तयार होते. त्यांचा नकार त्या युद्धाला होता, युद्धमात्राला नव्हे. कायद्याचं घोडं नेमकं इथेच अडतं. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, १९७१ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गिलेट खटल्यात ठरवलं की सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट हवी असेल तर सगळ्याच युद्धांना विरोध हवा. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये असा निवडक नकार अमान्य केला. एहरेन वाटाडा हा अमेरिकी लेफ्टनंट २००६ मध्ये इराकला जायला नाही म्हणाला. अफगाणिस्तानला जायची त्याची तयारी होती, तरी त्याच्यावर कोर्ट मार्शल चाललं. अशा माणसाला शांततावादी म्हटलं की त्याचं म्हणणंच पुसलं जातं.

हिब्रूत यांना 'सर्वानिम' म्हणतात, म्हणजे नकार देणारे. १९८२ मध्ये उभ्या राहिलेल्या त्यांच्या संघटनेचं नाव 'येश ग्वुल'. ग्वुल म्हणजे सीमा, आणि मर्यादाही. आपला 'हद्द' इथे चपखल बसतो. सैन्याने ओलांडलेली देशाची हद्द आणि 'आता हद्द झाली' हा संताप, दोन्ही त्यात येतात. लेखात अर्थ देताना 'सीमा आहे' न लिहिता 'हद्द असते' असं लिहा, ही कळकळीची विनंती.

आणखी एक प्रश्न :
पेशावरला १९३० मध्ये गढवाली रायफल्सच्या सैनिकांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडायचं नाकारलं. त्याला आपण 'बंड' म्हणतो. ते बरोबर आहे का?

उत्तर :
बंड हा इंग्रजांचा आरोप होता. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी २३ एप्रिलला हुकूम मानला नाही, पण बंदुका कुणावर उलटवल्याही नाहीत. म्हणून 'आज्ञाभंग' म्हणावं. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली, सुटका १९४१ मध्ये. गांधीजींनीही त्यांची बाजू घेतली नाही. शपथ घेतलेल्या सैनिकाने हुकूम मोडला तर उद्या स्वराज्याच्या सरकारपुढेही हाच पेच येईल, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. १९५६ मध्ये कफर कासिम गावात इस्रायली सीमा पोलिसांनी अरब गावकऱ्यांना गोळ्या घातल्या, त्या हत्याकांडाच्या खटल्यात इस्रायली न्यायालयानेच सांगितलं की उघडउघड बेकायदा हुकुमावर जणू काळा झेंडा फडकत असतो, आणि असा हुकूम पाळता कामा नये. निःशस्त्रांवर गोळी झाडायचा हुकूम याहून वेगळा कसा?

मात्र पेशावरच्या सैनिकांनी एक हुकूम नाकारला, लेबनॉनवाल्यांनी अख्खं युद्ध. दोघांना एका शब्दात कोंबू नका. तुमच्या लेखात, ताई, पहिल्यांदा 'या युद्धात लढायला नकार देणारे सैनिक' असं सविस्तर लिहा आणि पुढे नुसतं 'नकार देणारे'. 'विवेकनकारी' वगैरे घडवलेल्या शब्दांवर वाचक अडखळेल.