गोपनीयता की खासगीपणा?

धरमपेठकर : अलेस्सांद्रो अक्विस्ती या अर्थशास्त्रज्ञाच्या संशोधनावरचा लेख मराठीत आणतोय. माणूस स्वतःची माहिती काय भावाने देतो, हा विषय. 'प्रायव्हसी'ला सरसकट 'गोपनीयता' लिहीत गेलो आणि पाचव्या पानावर अडलो. १५ डिसेंबर २०२४ ला आपल्याच नागपूरच्या राजभवनात मंत्र्यांनी घेतली, तीही 'पदाची आणि गोपनीयतेची' शपथ. म्हणजे सरकारी गुपित फोडणार नाही. पण मी कोणतं टूथपेस्ट घेतो, हे गुपित आहे का?

महालच्या काकू : खासगीपणा लिही. आपण आंघोळ करतो हे जगाला ठाऊक असतं, तरी कडी लावतोच न! सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला मूलभूत हक्क मानला, तो या कडीचा. आणि शब्द आपला जुना आहे. होळकरांकडे दौलतीचा, म्हणजे राज्याचा हिशेब वेगळा, घरच्या खासगीचा वेगळा.

इतवारीवाला : थांबा जी, गोपनीयता एवढ्यात मोडीत काढू नका. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ स्टिगलर आणि कायदेपंडित पॉस्नर यांचं म्हणणं काय होतं? बाजारात प्रायव्हसी म्हणजे पुष्कळदा आपलं उणं झाकणं, त्याचा भुर्दंड समोरच्याला. तिथं गोपनीयताच बसते. आमच्या आजोबांच्या तोंडी 'हत्ता' होता. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. पोतं ज्याचं, तो शेतकरी बाजूला उभा, रुमालाकडे पाहत. त्याला काय खासगीपणा म्हणता?

धरमपेठकर : हत्ता घेतला! पण अक्विस्ती आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा प्रयोग बघा. मॉलमध्ये लोकांना गिफ्ट कार्डं दिली. १० डॉलरचं निनावी, १२ डॉलरचं नावानिशी, म्हणजे खरेदीची नोंद राहणार. हवं तर बदलून घ्या म्हणाले. ज्यांना आधी १० चं मिळालं, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी तेच ठेवलं. ज्यांना आधी १२ चं, त्यातल्या दहात जेमतेम एकानं दोन डॉलर सोडून निनावी घेतलं. सौदा तोच, फक्त हातात आधी काय पडलं एवढाच फरक. यात कोणी काही दडवलेलं नाही. 'गोपनीयतेची किंमत' लिहिलं की वाचणारा गुपित शोधत बसेल.

इतवारीवाला : मग स्टिगलरच्या परिच्छेदात गोपनीयता, अक्विस्तीच्या परिच्छेदात खासगीपणा. एका शब्दाला दोन शब्द लागले तर लागू द्या.

महालच्या काकू : अन् ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाच्या १९७० च्या 'द मार्केट फॉर लेमन्स' या निबंधाचं 'लिंबांचा बाजार' नको करूस बाबा. एका पुस्तकात तसं वाचलंय मी. तिकडे अमेरिकेत बोलीत लेमन म्हणजे वरून चकाचक, आतून खटारा गाडी. विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. संत्र्याच्या गावात लिंबू कशाला, 'खटाऱ्यांचा बाजार' लिही.

धरमपेठकर : लिहिलं. आता 'खासगी' की 'खाजगी'?

महालच्या काकू : खासगी. 'खास'वरून आलाय.

इतवारीवाला : आमच्या दुकानाच्या पाटीवर 'खाजगी' आहे, काकू. रंगवून दोनच महिने झाले.