गावची लोकसंख्या कुठे बघायची? (रस्ता आणि वस्तीच्या गाडीसाठी पाहिजे)

चाकरमानी82:
मंडळी, आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या बाजूला. वाड्या तीन, पण डांबर खालच्या वाडीपर्यंतच, तिथून वरच्या दोन वाड्यांना नुसती पाखाडी (दगडी पायवाट) आणि मधे पर्‍यावर साकव (ओढ्यावर छोटा पूल). कोरोनाच्या आधी वस्तीची गाडी, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला थांबणारी एसटी, यायची, सकाळी साडेसहाला सुटायची, ती बंद झाली ती झालीच. आता आईला गोळ्या आणायच्या तर आधी पाऊण तास चाल, मग वडाप (शेअरची जीप) मिळालं तर मिळालं नाहीतर रिक्षा स्पेशल, चारशे रुपये एका बाजूचे, आणि गोळ्या दोनशेच्या. मागच्या महिन्यात गॅसचा सिलिंडर खालच्या वाडीत दोन दिवस पडून, वर उचलून न्यायला वाडीत तरुण पोरगाच नाही. रस्त्याचं विचारलं की एकच उत्तर, लोकसंख्या बसत नाही. म्हणजे नक्की किती पाहिजे? आणि आमची किती ते कुठे बघू?

नकाशेवाला:
2011 ची जिल्हा जनगणना पुस्तिका बघा, रत्नागिरीची, जनगणनेच्या साइटवर पीडीएफ आहे. त्यात प्रत्येक महसुली गावासमोर घरं, लोकसंख्या, आणि बस, दवाखाना, पोस्ट वगैरे आहे की नाही ते लिहिलंय. सोय गावात नसेल तर अंतराची अक्षरं असतात, ए म्हणजे 5 किमीच्या आत, बी 5 ते 10, सी त्याहून लांब. फक्त वाडीवार आकडे त्यात मिळणार नाहीत, अख्ख्या गावाचे मिळतील.

सडा_आणि_सावली:
रस्त्याची पीएमजीएसवाय, म्हणजे प्रधानमंत्री ग्रामसडक योजना, गाव धरत नाही, वस्ती धरते, इथेच सगळे फसतात. चौथ्या टप्प्यात 2011 चीच लोकसंख्या, सपाटीला 500 आणि आदिवासी, डोंगरी राज्यं वगैरेंना 250. आपला तालुका राज्याच्या डोंगरी विकासात असला म्हणून इथे 250 लागेल असं धरून चालू नका, ती योजना वेगळी. पण 500 मीटरच्या परिघातल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते, तुमच्या वरच्या दोन वाड्या तेवढ्यात बसतात का ते आधी बघा. आणि पाखाडीला ग्रामीण मार्गाचा नंबर पडलाय का ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात विचारा, नंबर नसेल तर कागदावर तिथे रस्ताच नाही.

गणपतीला_भेटू:
मुळात 2011 ची मोजणी झाली फेब्रुवारीत, तेव्हा आपल्याकडे निम्म्या घरांना कुलूप. गणपतीत मोजा की, पडवीत झोपायला जागा नसते! जिल्ह्याचीच लोकसंख्या 2001 ला 16 लाख 97 हजार होती ती 2011 ला 16 लाख 15 हजार झाली. गाडी नाही म्हणून पोरं जातात आणि पोरं गेली म्हणून गाडी नाही. पुढची मोजणी पण फेब्रुवारी 2027 ला, सगळ्यांनी रजा टाकून गावी या मग 😄

सडा_आणि_सावली:
रजा टाका पण नाव दोन ठिकाणी देऊ नका, तसं चालत नाही.

तिकीट_तिकीट:
गाडीचं माझ्याकडून ऐका, आमच्या बाबांची सगळी नोकरी कंडक्टरकीत गेली. डेपो भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते, बघतो, लोकसंख्या नाही. त्यामुळे नुसतं "गाडी सुरू करा" लिहून काही होत नाही, शाळा कॉलेजला जाणारी पोरं किती, कुठल्या शाळेत, शाळा किती वाजता भरते ते हेडमास्तरांच्या सहीने जोडा, वर ग्रामसभेचा ठराव. वस्तीची मागताय तर ड्रायव्हर कंडक्टरला झोपायला खोली आणि संडासची सोय लिहूनच द्या, बाबा सांगतात वस्तीच्या कित्येक गाड्या त्याच्यावरूनच बंद पडल्या. बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या वर फुकट, पण आईला त्याचा काय उपयोग, गाडी दारात आली तर ना!

चाकरमानी82:
पुस्तिका सापडली. गावाची लोकसंख्या 611, म्हणजे मी समजत होतो त्यापेक्षा बरीच, पण तिन्ही वाड्या मिळून. मोबाइलच्या नकाशावर वरच्या दोन वाड्यांमधलं अंतर साधारण 400 मीटर दिसतंय, पण दोघींची बेरीज पाचशेला पोचेल का शंकाच आहे, खालची वाडी मोठी. खोलीचं मात्र जमेल, देवळाच्या मागे भजनी मंडळाची एक रिकामीच आहे, संडास बांधावा लागेल. शनिवारी जातोय गावी, हेडमास्तरांना फोन केलाय.