ऑलेसुंडच्या नकाशात हाराम धरायचं की नाही?

प्रश्न: नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या ऑलेसुंड नगरपालिकेचा नकाशा करायचाय. एका फाइलीत शेजारची हाराम नगरपालिका आत आहे, दुसरीत बाहेर. खरी हद्द कोणती?

प्रतिसाद 1: दोन्ही खऱ्या, आपापल्या काळापुरत्या. 1 जानेवारी 2020 ला ऑलेसुंड, हाराम, स्कोद्ये, ओर्स्कोग आणि सांदोय या पाच नगरपालिका एकत्र आल्या. 1 जानेवारी 2024 ला हाराम पुन्हा वेगळी झाली. गोची उत्तरेला आहे: सांदोयची बेटं ऑलेसुंडकडेच राहिली. 2022 मध्ये खुल्या झालेल्या पूल-बोगद्यांच्या रस्त्याने सांदोयच्या हारोय बेटावर जायचं तर मध्ये हारामची हद्द ओलांडावी लागते. म्हणजे हद्द तुटक आहे; त्यामुळे एकसंध पॉलिगॉन (एकच बंद आकृती) चालणार नाही, मल्टिपॉलिगॉनच (सुट्या तुकड्यांची मिळून एक आकृती) घ्या.

प्रतिसाद 2: नकाशाला माहितीचे तक्ते नावावरून जोडू नका, हमखास घोळ होतो. नगरपालिकेचा अधिकृत क्रमांक बघा: ऑलेसुंड 2019 पर्यंत 1504, 2020 ते 2023 मध्ये 1507, आता 1508. हाराम आधी 1534, आता 1580.

प्रतिसाद 3: शाळा दाखवणार असाल तर पहिली ते दहावी नगरपालिकेकडे, त्यापुढच्या मोरे ओग रोम्सदाल जिल्ह्याकडे. रुग्णालयं तर थेट सरकारची. तिन्हींचे थर वेगळे ठेवा.